अविश्वासासकट विश्वास : मार्कच्या नवव्या अध्यायाचं वाचन



मागच्या व्याख्यानात आपण मार्कच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय संपवला. आज नवव्या अध्यायातली १४ ते २९ एवढीच वचनं घ्यायची आहेत. सोळा वचनांवर तासभर काय बोलणार, असं एका श्रोत्यांनी विचारलं होतं. आम्हाला वाटतं, तास कमीच पडेल.

जे आज पहिल्यांदा ऐकताहेत त्यांच्यासाठी थोडं मागचं. मार्क हे चार शुभवर्तमानांपैकी सगळ्यांत लहान, सोळा अध्यायांचं; आणि बहुसंख्य अभ्यासकांच्या मते सगळ्यांत आधीचं, इसवी सन ७०च्या आगेमागे लिहिलेलं. मत्तय आणि लूक यांनी ते समोर ठेवून आपापली रचना केली, हेही आता बहुतेकांना मान्य आहे. मार्कचं ग्रीक घरगुती, थोडं खडबडीत आहे. वाक्यामागून वाक्य ‘आणि’नं सुरू होतं, ‘लगेच’ हा शब्द चाळीसेक वेळा येतो. मोठ्यानं वाचलं तर सगळं शुभवर्तमान दीड-दोन तासांत संपतं, आणि ते तसंच एका बैठकीत वाचावं असा आमचा आग्रह आहे. कारण आपली सवय काय आहे? आपण शुभवर्तमान वाचतच नाही, वचनं वाचतो.

ख्रिस्ती घरांत भिंतीवर वचनांचं कॅलेंडर असतं. चांगली प्रथा आहे, तिची थट्टा करायची नाही. पण त्या कॅलेंडरांत या अध्यायातलं तेविसावं वचन हटकून भेटतं. विश्वास धरणाऱ्याला काहीही अशक्य नाही, अशा आशयाचं ते वचन. मागे सूर्योदयाचं चित्र असतं. त्याच्या पुढचं, चोविसावं वचन मात्र आम्ही आजवर एकाही कॅलेंडरवर पाहिलेलं नाही. आणि मार्कमध्ये ही दोन वचनं म्हणजे एकाच संभाषणातलं एक बोलणं आणि त्याला आलेलं उत्तर आहे. उत्तर कापून टाकायचं आणि अर्धं संभाषण भिंतीवर लावायचं, असा हा प्रकार आहे. आजचं सगळं व्याख्यान या कापलेल्या उत्तराबद्दल आहे म्हणा ना.

प्रसंग असा. डोंगरावर रूपांतर झालंय. पेत्र, याकोब आणि योहान यांनी तेज पाहिलंय. ते येशूबरोबर खाली उतरतात, तर खाली गर्दी, आणि मागे राहिलेले शिष्य शास्त्र्यांशी हुज्जत घालताहेत. गर्दीतून एक बाप पुढे येतो. त्याच्या मुलाला मुका आत्मा धरतो, जमिनीवर आपटतो, तोंडाला फेस येतो, दातखीळ बसते, अंग ताठ होतं. तो सांगतो की मी याला तुमच्या शिष्यांकडे आणलं, त्यांना जमलं नाही.

हे ‘जमलं नाही’ नीट ऐका. सहाव्या अध्यायात याच शिष्यांना अशुद्ध आत्म्यांवर अधिकार दिलेला आहे, आणि त्यांनी पुष्कळ भुतं काढली असं मार्क तिथं सांगतो. म्हणजे हे नवशिके नाहीत, आधी जमलेले लोक आहेत. कालची पुण्याई आज कामाला आली नाही. आणि न जमल्यावर त्यांनी काय केलं, तर वाद घातला. आमच्यासारख्या आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांना हे चित्र फार ओळखीचं आहे. मुलगा बाजूला पडलाय आणि विद्वानांचा परिसंवाद रंगलाय.

येशू त्या सगळ्या पिढीलाच अविश्वासी म्हणतो. एकट्या बापाला नाही, सगळ्यांना. शिष्य त्यातच आले. मग मुलाला आणतात, आणि येशूसमोरच त्याला झटका येतो, तो लोळायला लागतो. या क्षणी येशू बापाला विचारतो की याला असं किती दिवसांपासून होतंय? बाप म्हणतो, लहानपणापासून. कित्येकदा विस्तवात पडला, पाण्यात पडला.

हा प्रश्न फक्त मार्कमध्ये आहे. मत्तयाच्या सतराव्या आणि लूकच्या नवव्या अध्यायात हीच गोष्ट आहे, पण हा प्रश्न नाही, त्यानंतरचं बापाचं बोलणं नाही, काही नाही. सगळ्यांत छोट्या शुभवर्तमानात ही गोष्ट सोळा वचनांची आहे, आणि मोठ्या दोन शुभवर्तमानांत ती निम्म्यावर आली. का गाळलं असेल? प्रभूला एखादी गोष्ट विचारून घ्यावी लागते, हे पुढच्या लेखकांना अवघड वाटलं असावं, असं आम्हाला वाटतं. शिवाय मत्तयाचा रोख शिष्यांकडे आहे. तुमचा विश्वास थोडका पडला, असं तिथं येशू त्यांना सांगतो, आणि मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त येतो. मत्तयाची गोष्ट सुबक झाली. पण बाप त्यातून जवळजवळ निघून गेला.

मार्कचा बाप मात्र बोलतो. तो म्हणतो की तुम्हाला काही करता येत असेल तर आमची दया करा, आम्हाला मदत करा. ‘आम्हाला’ म्हणतो बघा. मुलगा आजारी असला की घर आजारी असतं.

या बोलण्यात एक ‘जर’ आहे. आणि इथं अभ्यासाची खरी गोडी आहे, म्हणून जरा थांबू या. येशू बापाचा हा ‘जर’ उचलतो आणि त्यालाच परत ऐकवतो. ग्रीकमध्ये त्या शब्दांच्या आधी एक उपपद आहे. आपण एखाद्याचं बोलणं अवतरणात धरतो ना, तसं. “‘करता येत असेल तर’ म्हणे!” असा त्याचा सूर आहे. चौथ्या शतकातली दोन महत्त्वाची हस्तलिखितं, सिनायची आणि व्हॅटिकनची, यांत हे असंच आहे. पण पुढच्या पुष्कळ हस्तलिखितांत तिथं एक क्रियापद वाढलेलं दिसतं, ‘पिस्तेउसाई’, म्हणजे विश्वास धरणं. त्यामुळे वाक्य असं होतं की तुला जर विश्वास धरता येत असेल तर. इंग्रजीतल्या १६११च्या जुन्या भाषांतरात हाच पाठ आहे.

एक शब्द वाढला, आणि ‘जर’ एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला. आधी ‘जर’ येशूच्या सामर्थ्याबद्दल होता, आता बापाच्या विश्वासाबद्दल झाला. आधीच्या पाठात येशू बापाची शंका त्याला परत दाखवतो. नंतरच्या पाठात तो मुलाच्या बरं होण्याला अट घालतो. आणि तेविसाव्या वचनाचा उरलेला भाग, तो कॅलेंडरवरचा, तोही वाटतो तितका सरळ नाही. विश्वास धरणाऱ्याला सगळं शक्य आहे. पण हा विश्वास धरणारा कोण? बाप की स्वतः येशू? व्याकरण दोन्ही अर्थ घेऊ देतं. बापानं विचारलंय की तुम्हाला जमेल का; त्याला उत्तर म्हणून हे वाक्य आलंय; तेव्हा ते निदान काही अंशी येशूच्या पित्यावरच्या विश्वासाबद्दल आहे, असं म्हणणारे टीकाकार आहेत आणि आमचा कलही तिकडे आहे. बापानं मात्र ते स्वतःबद्दल घेतलं. आईबापं असंच घेतात.

हा नुसता हस्तलिखितांचा खेळ नाही. आमच्या माहितीतल्या एका बाईंच्या मुलाला आकडी येते. नाव, गाव सांगत नाही. एका प्रार्थनासभेत त्यांना सांगण्यात आलं की तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून मुलगा बरा होत नाही, आणि गोळ्या चालू ठेवणं हीच त्याची खूण. आधार कुठला दिला, तर हाच अध्याय. बाईंनी गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत मुलगा स्वयंपाकघरात पडला, हात भाजला. वाचला, गोळ्या परत सुरू झाल्या. पण त्या बाई आजही म्हणतात की माझंच कुठेतरी कमी पडलं.

तेव्हा दोन गोष्टी अगदी स्पष्ट बोलू या. पहिली वैद्यकीय. मार्कनं जे वर्णन केलंय ते आजचा कुठलाही डॉक्टर अपस्मार म्हणून ओळखेल. मत्तय तर मुलाला ‘चंद्राची बाधा झालेला’ अशा अर्थाचा शब्द वापरतो, जो त्या काळी याच आजाराला लावत. हा आजार देवाचा कोप नाही, इतर आजारांसारखाच शरीराचा आजार आहे, असा वाद हिपॉक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रीक ग्रंथात मार्कच्या साडेचारशे-पाचशे वर्षं आधी घातला गेला होता. म्हणजे ‘त्या काळी कुणालाच कळत नव्हतं’ असंही नाही. आकडीची औषधं एकदम बंद केली तर झटके वाढतात, जिवावर बेततं. शुभवर्तमानाच्या अभ्यासातून कुणी गोळ्या बंद करायचा निष्कर्ष काढत असेल, तर तो अभ्यास चुकला, एवढं म्हणायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही.

दुसरी गोष्ट ग्रंथाची. त्या सभेत जे सांगितलं ते मार्क सांगतच नाही. मार्कच्या गोष्टीत बापाचा विश्वास पुरेसा झाला आणि मग मुलगा बरा झाला, असा क्रमच नाही. काय क्रम आहे, तो आता बघू.

तेविसावं वचन ऐकताक्षणी बाप ओरडतो. मार्क ‘लगेच’ म्हणतो, त्याचा आवडता शब्द. एका दमात दोन गोष्टी म्हणतो. आपला विश्वास आहे म्हणतो, आणि त्याच श्वासात आपल्या अविश्वासाला मदत कर म्हणतो. नंतरच्या काही हस्तलिखितांत त्याला रडायला लावलंय, डोळ्यांत पाणी आणून तो ओरडला असं. जुन्या पाठांत अश्रू नाहीत, नुसती आरोळी आहे. कुणातरी लेखनिकाला कोरड्या डोळ्यांचा बाप बघवला नसेल. आम्हाला तो कोरडाच बरा वाटतो. लहानपणापासून पोराला विस्तवातून ओढून काढणाऱ्या माणसाचे डोळे कधीच कोरडे झालेले असतात.

यातलं ‘मदत कर’ हे क्रियापद पाहा. दोन वचनं आधी बापानं हेच क्रियापद मुलासाठी वापरलं होतं. आता तेच स्वतःसाठी. आणि ग्रीकमध्ये रूप बदललंय. मुलासाठी मागताना एकदाच घडून जाणाऱ्या क्रियेचं रूप आहे, हे एवढं कर. स्वतःच्या अविश्वासासाठी मागताना चालू राहणाऱ्या क्रियेचं रूप आहे, मदत करत राहा. मुलगा एकदा बरा होईल आणि विषय संपेल. आपलं दुखणं मात्र असं एका हाताच्या स्पर्शानं संपणारं नाही, हे त्या अडाणी बापाला कळलंय. मार्कनं हे जाणून केलं की सहज झालं, यावर वाद घालता येईल. रूपं तशी आहेत एवढं खरं.

इथं आमच्या विषयातला एक जुना प्रश्न येतो. विश्वास ठेवणं माणसाच्या हातात असतं का? हात वर कर म्हटलं की करता येतो. आत्ता या क्षणी बाहेर पाऊस पडतोय असा विश्वास धरा म्हटलं, तर धरता येईल? विल्यम जेम्स यांनी १८९६च्या ‘द विल टू बिलीव्ह’ या प्रसिद्ध निबंधात असं मांडलं की काही प्रसंगी पुरावा अपुरा असतो, निवड टाळता येत नाही आणि पणाला फार मोठं काही लागलेलं असतं. अशा वेळी विश्वासाच्या बाजूनं उडी घेण्याचा माणसाला अधिकार आहे. या बापाचा प्रसंग जेम्सच्या सगळ्या अटींत बसतो. आणि तरी बाप जेम्सचा शिष्य होत नाही. तो उडी घेतल्याचा दावा करत नाही. आपल्याला जेवढा घेता आला तेवढा विश्वास तो घेतो, आणि जो घेता येत नाही तो ज्याच्याकडे मागायचा त्याच्याकडेच मागतो. विश्वास ही आपली करामत नाही, हे त्यानं एका ओळीत मान्य केलं. जेम्सचा निबंध आम्ही वर्षानुवर्षं शिकवला, तो मोठाच आहे. पण त्यातला माणूस जरा फारच स्वावलंबी आहे.

मार्टिन बूबर यांनी १९५०च्या सुमारास विश्वासाचे दोन प्रकार सांगितले होते. एक, कुणावर तरी भरवसा टाकणं. दुसरा, काहीतरी खरं आहे असं मानणं. विभागणी उपयोगी आहे, वर्गात फार कामी येते. पण मार्कमध्ये दुसऱ्या प्रकारात पहिला नंबर कुणाचा? भुतांचा. येशू कोण आहे हे पहिल्या अध्यायापासून त्यांना अचूक माहीत आहे, ती ओरडून सांगतात. आठव्या अध्यायात पेत्र बरोबर उत्तर देतो, आणि चार वचनांत त्याला खडसावलं जातं. उलट ज्यांना तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं असं सांगितलं जातं, ती बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई घ्या. तिला सिद्धान्त विचारलाच नाही कुणी. ती मागून आली आणि वस्त्राला हात लावला. मार्कच्या दृष्टीनं बरोबर उत्तर येणं आणि विश्वास असणं यांची गल्लत करू नये, एवढं यातून निघतं.

आता आपल्या भाषेकडे येऊ, कारण आपण मार्क मराठीतून वाचतो. मूळ शब्द ‘पिस्तिस’ आणि त्याचा अभाव ‘अपिस्तिया’. मराठी बायबलांत ‘विश्वास’ आणि ‘अविश्वास’. ‘श्रद्धा’ का नाही? शब्द जुना आणि तोलाचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेवर आख्खं सूक्त आहे, गीतेच्या सतराव्या अध्यायात तिचे तीन प्रकार आहेत, लॅटिन ‘क्रेडो’शी त्या शब्दाचं रक्ताचं नातं आहे. पण आजच्या महाराष्ट्रात ‘श्रद्धा’ म्हटलं की पाठोपाठ ‘अंधश्रद्धा’ येतेच, आणि मग चर्चा डोळस की आंधळी या वळणावर जाते. ती चर्चा आवश्यक आहे, आत्ता गोळ्यांबद्दल बोललो ती त्यातलीच. पण बापाचा प्रश्न तो नव्हता. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत याच अर्थानं ‘भावार्थ’ म्हणतात, फार गोड शब्द आहे. आपल्याकडे मात्र भावार्थ म्हटलं की परीक्षेतला प्रश्न आठवतो.

तेव्हा ‘विश्वास’च बरा. त्यात ‘श्वस्’ आहे, श्वास घेणं आहे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, १९२२ साली मृत्यूच्या आधी ते काम पुरं केलं. साध्या बाईला वाचून कळलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. तसंच वाचायचं तर ‘विश्वास’ हा शब्द घरातला आहे, देवळाच्या किंवा चर्चच्या पायऱ्या चढून आणावा लागत नाही.

अडचण ‘अविश्वासा’ची आहे. मराठीत अविश्वास म्हटलं की पुढे ‘ठराव’ येतो! सरपंचावर अविश्वास, सरकारवर अविश्वास. म्हणजे संशय, भरवसा काढून घेणं. बापाला येशूचा संशय नाही. संशय असता तर तो आलाच नसता. त्याच्याकडे बळ नाही, एवढंच. म्हणून काहींना वाटेल की इथं ‘माझा अपुरा विश्वास’ म्हणावं. आम्ही म्हणू, नको. ते मत्तयाच्या ‘थोडक्या विश्वासा’कडे जाणं झालं. मार्कचा शब्द ‘थोडका’ म्हणत नाही, ‘नाही’ म्हणतो. आणि हाच शब्द घेऊन येशूनं आत्ताच सगळ्या पिढीला झोडपलं होतं. बाप ते ऐकून म्हणतो की त्यांच्यातला एक मी. तेव्हा ‘अविश्वास’च राहू द्यावा, टोचला तरी.

आणि मग येशू काय करतो? आधी तुझा अविश्वास निस्तर, मग ये, असं म्हणत नाही. विश्वास किती आणि अविश्वास किती हे मोजत नाही. मुलाकडे वळतो. हा आहे मार्कचा क्रम. त्या प्रार्थनासभेतल्या वक्त्याला आमचं एवढंच सांगणं आहे की तुमच्या अटीपेक्षा मार्कचा येशू कितीतरी कमी गोष्टी मागतो.

पण इथं थांबलो तर अप्रामाणिक ठरू. कारण त्या बाई विचारतील की मग माझा मुलगा? या बापाचा मुलगा बरा झाला, अविश्वासासकट झाला, ठीक. माझा का नाही?

याला उत्तर आमच्याकडे नाही, आणि आहे म्हणणाऱ्याकडे जरा जपूनच बघावं. मात्र मार्क काय करतो ते दाखवता येईल. ‘सगळं शक्य आहे’ ही शब्दांची जोडी मार्कमध्ये तीन ठिकाणी येते. एक इथं. दुसरी दहाव्या अध्यायात, श्रीमंत माणूस खिन्न होऊन गेल्यावर, देवाला सगळं शक्य आहे अशी. आणि तिसरी चौदाव्या अध्यायात, गेथशेमानेच्या बागेत. तिथं येशू स्वतः प्रार्थना करतोय. पित्याला सगळं शक्य आहे असं म्हणून तो प्याला दूर करायला सांगतो. आणि प्याला दूर होत नाही.

कॅलेंडरवरच्या वचनाला हे वचन शेजारी लावून वाचा. सबंध शुभवर्तमानात ज्याच्या विश्वासाबद्दल कुणी शंका घेणार नाही असा एकच माणूस आहे, आणि त्यानं मागितलेलं त्याला मिळालं नाही. तेव्हा न मिळणं हा विश्वास कमी असल्याचा पुरावा आहे, हे तर्कशास्त्र निदान मार्कच्या पुस्तकात उभं राहत नाही. ते उभं करायचं तर त्या बागेतून सुरुवात करावी लागेल, आणि तिथं कुणाची हिंमत होणार नाही. त्या बाईंना आम्ही एवढंच दाखवलं होतं. त्यांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. पटलं की नाही, ते बोलल्या नाहीत.

गोष्टीचा शेवट राहिला. आत्मा निघतो, मुलगा इतका निपचित पडतो की लोक म्हणतात, गेला. येशू हात धरून त्याला उठवतो. ‘उठवलं’ आणि ‘उभा राहिला’ याला मार्क जी क्रियापदं वापरतो, तीच तो पुनरुत्थानासाठी वापरतो. मग घरात शिष्य हळूच विचारतात की आम्हाला का जमलं नाही? उत्तर मिळतं की ही जात प्रार्थनेशिवाय निघत नाही. पुष्कळ हस्तलिखितांत इथं ‘आणि उपवास’ असंही आहे. सिनायच्या मूळ पाठात आणि व्हॅटिकनच्या पाठात ते नाही.

आता सोळाही वचनं परत चाळा आणि सांगा, यात प्रार्थना कुणी केली? शिष्यांनी नाही, ते भांडत होते. येशूनंही, मार्क सांगतो त्याप्रमाणे, या प्रसंगात प्रार्थना केलेली नाही. त्यानं आत्म्याला आज्ञा केली. अख्ख्या प्रसंगात प्रार्थना म्हणावी असं एकच वाक्य आहे, आणि ते त्या बापाचं आहे. अर्ध्या अविश्वासाचं. शिष्यांना धडा म्हणून दाखवली गेली ती ही प्रार्थना, असं आमचं वाचन आहे. उपवासाचा शब्द जोडणाऱ्याला बहुधा ती फारच सोपी वाटली. काहीतरी कष्ट हवेत की!

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की लेखनिकांच्या या भरींमध्ये एक सूत्र आहे. विश्वासाची अट वाढवली, अश्रू वाढवले, उपवास वाढवला. त्या लेखनिकांना दोष देण्याचं कारण नाही, भक्त माणसं होती, आणि त्यांच्या हातांमुळेच ग्रंथ आपल्यापर्यंत आला. पण मार्कनं जे अर्धं ठेवलं ते पुरं करायची घाई सगळीकडे दिसते. हीच घाई पुस्तकाच्या शेवटाला झाली. सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतो. कबर रिकामी आहे, निरोप मिळालाय की तो पुढे गालीलात जातोय, आणि बाया भेदरून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत. बस. शेवटचा ग्रीक शब्द तर ‘कारण’ आहे, असं कुणी पुस्तक संपवतं का? म्हणून नंतर बारा वचनं जोडली गेली, त्यांत दर्शनं आहेत, आज्ञा आहे, खुणा आहेत. आजच्या अभ्यासू आवृत्त्या ती कंसात छापतात.

मूळ पान हरवलं असेल असं मानणारे चांगले अभ्यासक आहेत. आम्हाला मात्र आठव्या वचनाशीच थांबणारा मार्क पटतो, आणि त्याचं एक कारण आजचा बाप आहे. ज्या लेखकानं विश्वासाचं सगळ्यांत खरं वाक्य एका माणसाच्या तोंडी घातलं आणि त्याच्या निम्म्यात अविश्वास ठेवला, त्याला आपलं पुस्तक भेदरलेल्या बायांशी थांबवताना फार संकोच वाटला नसेल.

घरी बसून मार्कचा अभ्यास करणारे पुष्कळ जण विचारतात की वाचल्यावर स्वतःला लावून कसं घ्यायचं? आमची एक साधी सूचना आहे. प्रसंगात आपण कोण, हे ठरवायला वेळ घ्या. आपण सरळ येशूच्या शेजारी जाऊन उभे राहतो आणि बापाकडे बघून मान हलवतो. आज घरी एकदा शिष्यांच्या जागेवरून वाचा. मग बापाच्या. जमलं तर त्या मुलाच्या जागेवरूनही, ज्याला सबंध गोष्टीत कुणी काही विचारलेलं नाही. आणि वहीत चोविसावं वचन पूर्ण लिहा, दोन्ही भाग. त्यातला कुठला भाग आज आपल्याला म्हणता येतो, तेवढाच म्हणा.

पुढच्या वेळी दहावा अध्याय घेऊ, यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय. त्याआधी आठव्या अध्यायातला बेथसैदाचा आंधळा पुन्हा वाचून या, ज्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसं चालत्या झाडांसारखी दिसली आणि मग दुसऱ्यांदा हात ठेवावे लागले. दोघांमध्ये काय फरक आहे ते आम्ही आधी सांगणार नाही. आता प्रश्न असतील तर घेऊ.